एकच वाहक, दोन ओझी

३१ डिसेंबर २०१३ रोजी कर्नाटकातल्या रायचूरपासून सोलापूरपर्यंत येणारी ७६५ केव्हीची वीजवाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे वीजजाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एका तालात जोडले गेले. त्याआधी दक्षिणेशी विजेची देवाणघेवाण एकदिश प्रवाहाच्या दुव्यांतून होत असे. असा एक दुवा आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला आहे. अशा दुव्याच्या दोन्ही बाजूंची जाळी आपापल्या तालावर चालू शकतात. म्हणूनच जुलै २०१२ च्या अखेरीस उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात बुडाला, तेव्हा दक्षिणेला त्याची झळ लागली नाही. रायचूर-सोलापूर वाहिनीनंतर मात्र देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची जनित्रे ५० हर्ट्झच्या एकाच लयीत फिरू लागली. 'एक राष्ट्र, एक ग्रिड, एक वारंवारता' ही घोषणा प्रत्यक्षात आली ती सोलापूरच्या माळरानावर.

ही वाहिनी सुमारे २०८ किलोमीटर लांबीची आहे. एवढ्या लांबच्या तारेतून सोलापुरात नेमके काय येते? 'वीज येते' हे उत्तर व्यवहाराला पुरेसे आहे. पण तारेच्या आत डोकावले की तिथे एक विलक्षण कण काम करताना दिसतो. हा कण विजेचे ओझे वाहतो आणि उष्णतेचेही वाहतो. तार किती वीज नेऊ शकेल, ती किती तापेल, उन्हाळ्यात किती लोंबेल आणि तव्यावरची भाकरी किती लवकर भाजेल, या सगळ्यांत त्याचा हात आहे. तो कण म्हणजे धातूतला मुक्त इलेक्ट्रॉन.

गोगलगायीहून मंद प्रवाह

धातूचे अणू एकमेकांशेजारी ओळीने रचलेले असतात. प्रत्येक अणूचे सर्वांत बाहेरचे एक, दोन किंवा तीन इलेक्ट्रॉन त्याच्याशी बांधलेले राहत नाहीत. ते साऱ्या तुकड्याचे होऊन जातात आणि आतल्या आत कुठेही फिरू शकतात. तांब्याचा प्रत्येक अणू असा एक इलेक्ट्रॉन देतो, ॲल्युमिनियमचा तीन देतो. एका घन सेंटिमीटर तांब्यात असे मुक्त इलेक्ट्रॉन किती असतील? ८५ या आकड्यावर २१ शून्ये द्यावीत, इतके.

बटण दाबताच दिवा लागतो, म्हणून इलेक्ट्रॉन तारेतून प्रचंड वेगाने धावत येत असतील असे वाटते. प्रत्यक्षातले चित्र फार वेगळे आहे. घरातल्या दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून ५ अँपिअर धारा वाहत असेल, तर इलेक्ट्रॉन पुढे सरकतात ते सेकंदाला जेमतेम पाव मिलिमीटर. या गतीने एक मीटर अंतर कापायला तासाहून जास्त वेळ लागेल. ७६५ केव्हीच्या वाहिनीत जाड तारांचे जुडगे असतात, त्यामुळे तिथला सरकण्याचा वेग याहूनही कमी असतो. शिवाय आपली वीज प्रत्यावर्ती. सेकंदात १०० वेळा दिशा बदलत इलेक्ट्रॉनांचा थवा जागच्या जागी पुढेमागे झुलत राहतो. घरातल्या त्या तारेत हा झोका एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. वीजप्रवाहाच्या ओढीने रायचूरहून निघालेला इलेक्ट्रॉन सोलापूरला पोचला, असे कधीच घडत नाही.

पोचतो तो विद्युतक्षेत्राचा धक्का. जाळ्यात एका टोकाला बदल झाला की तो तारेच्या भोवतीच्या क्षेत्रातून जवळपास प्रकाशाच्या वेगाने पुढे जातो. रायचूर ते सोलापूर हे अंतर त्याला एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात पार करता येते. सोलापूरच्या मागाची मोटर फिरवणारे इलेक्ट्रॉन त्या मोटरच्या वेटोळ्यात आधीपासूनच असतात. त्यांना हलवणारे क्षेत्र मात्र दुरून येते.

पण सरकण्याचा वेग कमी, म्हणून इलेक्ट्रॉन सुस्त असतात असे मानायचे कारण नाही. तारेत धारा नसतानाही ते स्वैरपणे सर्व दिशांना पळत असतात. तांब्यातला हा स्वैर वेग सेकंदाला सुमारे १,५७० किलोमीटर एवढा आहे. सगळ्या दिशांना सारखीच पळापळ असल्याने तिची बेरीज शून्य होते. वीज म्हणजे या प्रचंड पळापळीवर चढलेला एका दिशेचा अगदी हलका कल.

अडवते कोण?

जर्मन शास्त्रज्ञ पॉल ड्रूड यांनी १९०० मध्ये या इलेक्ट्रॉनांचा पहिला सिद्धांत मांडला. जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधून त्या वेळी तीनच वर्षे झाली होती. डबीत कोंडलेल्या वायूचे रेणू जसे इकडून तिकडे धडकत फिरतात, तसे धातूतले इलेक्ट्रॉन अणूंवर आदळत फिरतात, असे ड्रूड यांनी गृहीत धरले. धडकांमध्ये वेग हरवतो, तोच विद्युतरोध.

धडका होतात हे बरोबर ठरले. पण कशाशी होतात, याचे उत्तर बदलावे लागले. नेहमीच्या तापमानाला तांब्यातला इलेक्ट्रॉन दोन धडकांच्या मध्ये सुमारे ४० नॅनोमीटर जातो. म्हणजे वाटेतले दीडशेभर अणू तो सहज ओलांडतो. प्रत्येक अणू अडथळा असता तर हे शक्यच नव्हते. फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ मध्ये याचा उलगडा केला. इलेक्ट्रॉनला तरंगाचेही गुण असतात, आणि अणूंची रचना अगदी नियमित असेल तर तो तरंग तिच्यातून बिनअडथळा पार होतो. अणूंमुळे तो अडत नाही, त्यांच्या रचनेतल्या बिघाडामुळे अडतो. हा बिघाड मुख्यतः दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे परका अणू, रिकामी जागा, स्फटिकातली भेग असा कायमचा दोष. दुसरा म्हणजे उष्णतेमुळे अणूंना सुटलेला कंप.

या एका मुद्द्याने धातूंविषयीच्या अनेक गोष्टी सुटतात. अतिशुद्ध तांबे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले की अणूंचा कंप जवळजवळ थांबतो, आणि इलेक्ट्रॉनची विनाधडक धाव नॅनोमीटरवरून मिलिमीटरवर जाऊ शकते. उलट स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंडाच्या जोडीला क्रोमियम आणि निकेलचे अणू कुठेही बसलेले असतात. तिथे दर काही पावलांवर अडथळा असल्याने त्याची रोधकता तांब्याच्या चाळीस पटींहून अधिक भरते. शेगडीच्या नायक्रोम कॉइलचीही हीच गोष्ट. आणि धातू वितळला की रचनेची शिस्तच मोडते. तांबे वितळताना त्याचा रोध साधारण दुप्पट होतो. वितळलेल्या धातूंच्या रोधाचा हा प्रश्न आपल्याकडे अलाहाबादमध्ये के. एस. कृष्णन आणि ए. बी. भाटिया यांनी १९४० च्या दशकात हाताळला, आणि द्रवातल्या अणूंच्या मांडणीवरून रोधाचा हिशेब कसा करता येतो हे दाखवले.

उन्हाळा, झोल आणि ७६५ केव्ही

सोलापूरकरांना एप्रिल-मेमध्ये ४० ते ४२ अंशांची सवय आहे. त्या उन्हात तार हवेपेक्षाही जास्त तापते. एकीकडे सूर्य तिला तापवतो, दुसरीकडे तिच्यातले इलेक्ट्रॉन. क्षेत्राने दिलेली ऊर्जा इलेक्ट्रॉन धडकेत अणूंना देऊन टाकतात, अणूंचा कंप वाढतो, तार तापते. कंप वाढला की धडका वाढतात आणि रोधही वाढतो. तांबे आणि ॲल्युमिनियम यांचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के चढतो. २० अंशांवरची ॲल्युमिनियमची तार ७५ अंशांना गेली, तर तिचा रोध पाचव्या हिश्शाहून जास्त वाढलेला असतो. तेवढीच धारा न्यायची तर तेवढीच जास्त वीज वाटेत वाया जाते.

तापलेली तार लांबही होते. दोन टॉवरांमधल्या ४०० मीटरच्या गाळ्यात तारेची लांबी ३०-४० सेंटिमीटरने वाढली, तरी मधला झोल मीटर-दोन मीटरने खाली येऊ शकतो. तार आणि जमीन यांच्यातले सुरक्षित अंतर कमी होते ते इथेच. म्हणून ॲल्युमिनियमच्या पेडांच्या गाभ्यात पोलादी पेड घालतात. पोलाद भार पेलते, कमी प्रसरण पावते आणि झोल आवरते. वीज मात्र जवळजवळ सगळी ॲल्युमिनियममधून जाते. तांबे जास्त चांगला वाहक असूनही उंचावरच्या वाहिन्यांसाठी ॲल्युमिनियम निवडतात ते वजनामुळे. त्याची वाहकता तांब्याच्या साठेक टक्के आहे, पण घनता तिसऱ्या हिश्शाहून कमी. किलोमागे हिशेब केला तर ॲल्युमिनियम दुप्पट वीज वाहते.

अशा तारांना साधारण ७५ ते ८५ अंशांची मर्यादा घालून दिलेली असते. समजा मर्यादा ७५ अंशांची आहे. डिसेंबरच्या रात्री हवा १५ अंशांवर असेल तर तारेला स्वतःच्या धारेने तापायला ६० अंशांची मोकळीक मिळते. मेच्या दुपारी हवाच ४२ अंशांवर असल्याने उरतात फक्त ३३. तारेतली उष्णता धारेच्या वर्गाच्या पटीत वाढते. ऊन आणि वाऱ्यातला फरक बाजूला ठेवून ढोबळ हिशेब केला, तर उन्हाळ्याच्या दुपारी तीच तार हिवाळी रात्रीच्या जवळपास तीन-चतुर्थांश धाराच वाहू शकते. आणि कूलर, पंखे, एसी यांची मागणी त्याच दुपारी शिगेला पोचलेली असते.

यावरचा मोठा उपाय म्हणजे दाब चढवणे. १,००० मेगावॉट वीज २२० केव्हीने पाठवायची तर प्रत्येक फेजमधून २,६०० अँपिअरहून जास्त धारा न्यावी लागेल. ७६५ केव्हीला तीच वीज सुमारे ७५५ अँपिअरमध्ये जाते. धारा साडेतीन पटींनी घटली की त्याच रोधाच्या तारेतला तोटा बारा पटींनी घटतो. दक्षिण सोलापूर तालुक्यात आहेरवाडी-फताटेवाडीजवळ एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. एवढी वीज दूर पाठवताना इलेक्ट्रॉनांच्या धडकांत वाया जाणारी ऊर्जा जितकी कमी करता येईल, तितका कोळसा वाचतो.

उष्णतेचा हमालही तोच

आता तारेवरून तव्याकडे येऊ. सोलापूरची कडक भाकरी लोखंडी तव्यावर होते. जाळ तव्याच्या खालून लागतो आणि उष्णता वरच्या बाजूला येते. ही उष्णता पोचवणारे प्रामुख्याने तेच मुक्त इलेक्ट्रॉन असतात. तापलेल्या बाजूचे इलेक्ट्रॉन थोडी जास्त ऊर्जा घेऊन थंड बाजूला जातात, थंड बाजूचे कमी ऊर्जा घेऊन उलट येतात. जाणारे आणि येणारे संख्येने सारखेच असल्याने वीजधारा निर्माण होत नाही, पण ऊर्जा सतत गरमाकडून गाराकडे जात राहते. विजेच्या वहनात इलेक्ट्रॉनांचा थवा एका दिशेला सरकतो. उष्णतेच्या वहनात थवा जागेवर राहतो आणि ऊर्जेची अदलाबदल होते. दोन्हींत वाट अडवणारे अडथळे बहुतांशी सारखेच.

म्हणून विजेचा चांगला वाहक उष्णतेचाही चांगला वाहक असतो. गुस्टाव्ह वीडेमान आणि रूडोल्फ फ्रान्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी हे नाते १८५३ मध्येच मोजून दाखवले. इलेक्ट्रॉनचा शोध तेव्हा चाळीसहून अधिक वर्षे दूर होता. डेन्मार्कच्या लुडविग लॉरेन्झ यांनी १८७२ मध्ये त्याला तापमानाची जोड दिली: उष्णतावाहकता आणि विद्युतवाहकता यांचे गुणोत्तर निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढते, आणि त्यातला स्थिरांक सगळ्या धातूंना जवळपास एकच आहे.

आकडे घेऊन हे पडताळता येते. वॅट प्रति मीटर प्रति केल्विन या एककात तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०१ आहे, चांदीची ४२९, ॲल्युमिनियमची २३७, लोखंडाची ८०. ओहम-मीटरच्या दहा कोटीव्या भागात त्यांची रोधकता अनुक्रमे १.६८, १.५९, २.६५ आणि ९.७. दोन्हींचा गुणाकार केला तर तांब्यासाठी ६७४ येतो, चांदीसाठी ६८२, ॲल्युमिनियमसाठी ६२८ आणि लोखंडासाठी ७७६. तांबे आणि लोखंड यांच्या वाहकतेत पाच-सहा पटींचा फरक असूनही गुणाकार आसपासच राहतो. आधुनिक सिद्धांताप्रमाणे २० अंशांना तो ७१५ असायला हवा. चारही धातू त्याच्या अवतीभोवती आहेत.

तांब्याचा तळ लावलेली स्टीलची पातेली घरोघर का असतात, तेही यातून कळते. स्टेनलेस स्टीलची उष्णतावाहकता अवघी १५च्या आसपास. जिथे जाळ लागतो तिथेच ते तापते आणि भाजी लागते. तांब्यातले इलेक्ट्रॉन तीच उष्णता तळभर पसरवतात. स्टीलमध्ये इलेक्ट्रॉनांची वाट अडलेली असल्याने विजेची आणि उष्णतेची दोन्ही वहने एकदमच मंदावतात.

बरोबर उत्तर, चुकीची रीत

ड्रूड यांनी आपल्या सिद्धांतातून वीडेमान-फ्रान्झ नियमाचा स्थिरांक काढला आणि तो प्रयोगाशी चांगला जुळला. सिद्धांताची प्रतिष्ठा वाढली. पण एक गोष्ट सलत राहिली. इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूंसारखे असतील, तर धातू तापवताना त्यांनीही आपला वाटा मागायला हवा. म्हणजे धातूची उष्णताधारकता बरीच जास्त हवी. मोजमापांत इलेक्ट्रॉनांचा वाटा जवळजवळ दिसतच नव्हता. उष्णता वाहून नेणारा कण स्वतः उष्णता घेत का नाही?

याचे उत्तर पुंजभौतिकीत होते. वुल्फगांग पाउली यांनी १९२५ मध्ये दाखवले की एका अवस्थेत एकाहून जास्त इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत. पुढच्याच वर्षी फर्मी आणि डिरॅक यांनी त्यावरून इलेक्ट्रॉनांचे गणित बसवले, आणि आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी १९२७-२८ मध्ये ते धातूंना लावले. सोलापूरचे हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह पहिल्या रांगेपासून खच्चून भरत आले आहे असे समजा. मधल्या रांगेतल्या प्रेक्षकाला एक रांग मागे सरकायचे तर जागाच नाही. हलू शकतात ते फक्त शेवटच्या भरलेल्या रांगेतले, कारण मोकळ्या खुर्च्या त्यांच्याच मागे आहेत. धातूतही ऊर्जेच्या खालच्या अवस्था पूर्ण भरलेल्या असतात. नेहमीच्या उष्णतेतून इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा इतकी थोडी असते, की वरच्या काठावरचे शेकडा एकाहून कमी इलेक्ट्रॉनच ती घेऊ शकतात. उष्णताधारकतेत इलेक्ट्रॉनांचा वाटा दिसत नव्हता, त्याचे कारण हे.

मग ड्रूड यांचे उत्तर बरोबर कसे आले? त्यांनी धरलेली इलेक्ट्रॉनांची उष्णताधारकता खऱ्यापेक्षा शंभरेक पटींनी जास्त होती. धरलेल्या वेगाचा वर्ग खऱ्यापेक्षा तितक्याच पटींनी कमी होता. दोन मोठ्या चुका एकमेकींना खाऊन गेल्या. उरलेली दुपटीची तूट गणितातल्या आणखी एका चुकीने भरून काढली. विज्ञानाच्या इतिहासात हे उदाहरण मोलाचे आहे: आकडा जुळला म्हणून कारणमीमांसा खरी ठरत नाही, ती दुसऱ्या मोजमापावर घासून पाहावी लागते. झोमरफेल्ड १९२८ मध्ये भारतात आले, कलकत्त्यात त्यांनी तरंगयामिकीवर व्याख्याने दिली, आणि त्यांची टिपणे ग्रंथरूपात आणण्याचे काम तरुण कृष्णन यांनी केले. धातूंचे हे नवे ज्ञान आपल्या देशात असे ताजेताजे पोचले होते.

नियमाला अपवादही आहेत, आणि तेही तितकेच बोलके आहेत. हिरा वीज वाहत नाही, तरी उष्णता तांब्याच्या पाचेक पट वाहतो; तिथे हे काम अणूंच्या कंपनलहरी करतात. अतिवाहक धातूत वीज रोधाविना वाहते, पण ती वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या उष्णता वाहत नाहीत. व्हॅनेडियम डायऑक्साइड सुमारे ६७ अंशांना धातूसारखे वागू लागते. २०१७ मध्ये बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की त्यातले इलेक्ट्रॉन नियमाने अपेक्षित उष्णतेच्या दहाव्या हिश्शाएवढीच उष्णता नेतात. ते सुटे न वागता एकजुटीने हलतात, म्हणून. प्रत्येक कण सुटेपणाने दोन्ही ओझी उचलतो तिथवरच नियम चालतो.

मागाच्या शेडमध्ये

सोलापूरच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी आणि टॉवेल विणणारे माग मोटरींवर चालतात. मोटरची तांब्याची वेटोळी २० वरून १२० अंशांना गेली, की त्यांचा रोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेला असतो. हा वाढलेला रोध मोजून वेटोळ्याचे आतले तापमान काढण्याची पद्धत मोटर-चाचणीत रूढ आहे. जिथे थर्मामीटर पोचत नाही, तिथली बातमी इलेक्ट्रॉन देतात.

सैल सांध्याचा धोकाही याच हिशेबातला. पीळ देऊन जोडलेल्या ढिल्या तारा फक्त काही ठिपक्यांवर एकमेकींना टेकतात. तिथे ०.३ ओहमचा रोध तयार झाला आणि १० अँपिअर धारा गेली, तर त्या एवढ्याशा जागेत ३० वॅट उष्णता निघते. लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. तापलेला सांधा गंजतो, गंजाने रोध वाढतो, रोधाने आणखी तापतो. आणि खोलीत कापसाची धूळ असेल तर पुढचे सांगायला नको. ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा वीजरोधक थर चढतो. म्हणून तांब्याशी त्याची गाठ नुसती पीळ देऊन मारू नये, बायमेटॅलिक लग वापरून दाबून बसवावी. भाराला पुरेशी जाड तार घ्यावी, सांधे घट्ट ठेवावेत, मोटरभोवती हवा खेळती राहील असे पाहावे आणि पंख्याच्या जाळीवरची रुई रोज झाडावी. सोलापूरसारख्या तापणाऱ्या शहरात या कामांचे मोल दुप्पट आहे, कारण हवेने घेतलेला प्रत्येक अंश तारेच्या मोकळिकीतून वजा होतो. वायरिंगवर आज केलेला खर्च महिन्याच्या बिलात थोडा थोडा परत येतो, आणि शेड आगीपासून वाचली तर एका रात्रीत सगळा वसूल होतो.